शाबितीची जबाबदारी

(तालुका न्यायालयात दीर्घकाळ वकिली करीत असलेल्या एका ज्येष्ठ विधिज्ञांनी विधी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रवेशाच्या वेळी आपणा प्रत्येकाकडून ‘मी कायद्याच्या अभ्यासाकडे का वळलो’ या विषयावर चार-दोन ओळी लिहून घेण्याची या महाविद्यालयाची प्रथा आहे. प्राचार्यांनी त्यांतील काही कागद, नावे झाकून, मला वाचावयास दिले. शब्द निरनिराळे असले तरी बहुतेकांच्या लेखनाचा आशय एकच होता : वकील व्हावे आणि आपल्या समाजाच्या उपयोगी पडावे. एकाने लिहिले आहे की, आमच्या वाडीत आजवर कोणी वकील झालेला नाही. टेबलापलीकडे बसलेले साहेब आमच्याविषयी काय लिहितात ते वाचता यावे, म्हणून मी येथे आलो. हे वाक्य मला फार आवडले. वकिलीची इतकी नेमकी व्याख्या आमच्या बारमध्येही क्वचितच ऐकू येते.

मी सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या न्यायालयात चाळीस वर्षे वकिली करीत आहे. त्यामुळे आपल्या या इच्छेची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. परंतु इच्छा आणि व्यवसाय यांच्यामध्ये तालुका न्यायालयाचा एक लांबलचक व्हरांडा आहे, त्याची ओळख करून देणे मला आवश्यक वाटते. या व्हरांड्यात ‘समाज’ नावाचे कोणी गृहस्थ येत नाहीत. येतो तो एखादा शेतकरी, ज्याच्या शेतावर जाणारी वाट शेजाऱ्याने चर खणून अडविली आहे. येते ती एखादी विधवा, जिचे नाव पतीच्या पश्चात सातबाऱ्यावर चढलेले नाही. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला मागितला गेला म्हणून हतबल झालेला मुलगा येतो. त्याचे आजोबा शाळेची पायरी कधी चढलेलेच नसतात. घटनेच्या अमुक अनुच्छेदाचा भंग झाला आहे, असे यांपैकी कोणी म्हणत नाही. “वकीलसाहेब, एवढा कागद वाचून सांगा,” एवढेच ते म्हणतात.

आणि त्या कागदावर बहुधा एक तारीख असते. वाटेच्या अडथळ्याचेच पाहा. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी बेकायदा अडविली, तर तहसीलदारापुढे दावा करून ती तुलनेने लवकर मोकळी करून घेता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा दावा दाखल झाला पाहिजे. आमच्याकडील माणूस काय करतो? प्रथम तो भावकी बसवितो. मग गावातील चार प्रतिष्ठितांना मध्ये घालतो. मग निवेदने देतो, निवेदनांच्या पोचपावत्या जपून ठेवतो, कोणी कार्यकर्ता ‘बघतो’ म्हणाला म्हणून दोन महिने थांबतो. माझ्याकडे तो येतो तेव्हा पिशवीत पावत्या पुष्कळ असतात, पण आठवा महिना लागलेला असतो. जवळचा दरवाजा बंद झालेला असतो आणि दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता तेवढा उरतो. त्या माणसाच्या गावात कायदा शिकलेला एक मुलगा असता आणि त्याने पहिल्याच आठवड्यात ‘काका, सहा महिने मोजा’ एवढे सांगितले असते, तर त्याने समाजाचे जे काम केले असते ते मोठ्या सभेतील भाषणाने झाले नसते.

मुदतीविषयी अधिक बोलत नाही. ते आपले प्राध्यापक आपणास पाठ करून घेतील. आज मला बोलावयाचे आहे ते कायद्यातील एका दुसऱ्या कल्पनेविषयी. तिचे नाव कोरडे आहे : शाबितीची जबाबदारी. जो एखादी वस्तुस्थिती प्रतिपादन करतो, त्याने ती सिद्ध केली पाहिजे. १८७२ च्या पुराव्याच्या अधिनियमात हे तत्त्व कलम १०१ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १०४ मध्ये आले आहे. कलमाचा क्रमांक बदलला, तत्त्व बदलले नाही. परीक्षेत यावर एखादी टीप विचारली जाते आणि विद्यार्थी ती पाच गुणांपुरती लिहून मोकळे होतात. परंतु ज्यांच्याजवळ सत्ता नाही, पैसा नाही आणि जुने कागद तर नाहीतच, अशा माणसांच्या बाजूने कायदा जेव्हा उभा राहिला, तेव्हा पुष्कळदा तो याच दारातून आत आला आहे.

तळ्याचा दावा

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सर्वांनी शाळेत शिकलो. त्या तळ्याचा दावा मात्र आपणांस कोणी शिकविला नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले करावेत असे ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही मिळाले होते. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला आणि नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. येथपर्यंतची कथा सर्वश्रुत आहे.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह व्हावयाचा होता. त्याच्या आधीच, १२ डिसेंबर १९२७ रोजी, महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी डॉ. आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो लोक परिषदेसाठी महाडला जमले, तेव्हा बाबासाहेबांपुढे दोन मार्ग होते. हुकूम मोडून तळ्यावर जावे, किंवा हुकूम पाळून दावा लढवावा. पहिल्या मार्गासाठी लोक तयार होते. बाबासाहेबांनी दुसरा निवडला. त्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले, परंतु तळ्यावरचा सत्याग्रह स्थगित ठेवण्यात आला. जमलेल्या समुदायाला हे पटविणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना करा. ज्या न्यायालयाने आपल्याविरुद्ध हुकूम दिला, त्याच न्यायालयात आपण जिंकू, असा भरवसा लोकांना द्यावयाचा होता आणि तो देणारा माणूस स्वतःच प्रतिवादी होता.

मनाई हुकूम पुढे फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. दावा मात्र चालत राहिला : महाडच्या न्यायालयातून ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आणि तेथून मुंबई उच्च न्यायालयात. १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा निकाल लागला. म्हणजे सव्वानऊ वर्षे गेली. या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू होऊन संपला. तळ्याचा दावा आपल्या गतीने तारखा घेत होता.

निकाल कशावर लागला हे लक्षपूर्वक ऐका. समता श्रेष्ठ की विषमता, असा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची आमची अनादी काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. न्यायालयाने म्हटले, रूढी आहे असे आपण म्हणता, तर ती अनादी असल्याचे आपण शाबीत करा. वादींना अलीकडच्या काळातील वहिवाटीचा पुरावा देता आला. ती रूढी अनादी आहे हे सिद्ध करता आले नाही. तळे नगरपालिकेचे आहे हेही प्रस्थापित झाले आणि दावा फेटाळला गेला. न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. हेच ब्रूमफील्ड १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींच्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायाधीश होते. असो, ते विषयांतर झाले.

काहींना या निकालाचे कारण रुक्ष वाटते. एवढा मोठा मानवी हक्काचा लढा आणि तो पुराव्याच्या एका नियमावर सुटावा! मला यात रुक्षता दिसत नाही. शतकानुशतके ज्यांना ‘तू येथे का आलास, तुझा हक्क काय, दाखव’ असे विचारले गेले, त्यांच्या वकिलाने तो प्रश्न उलटा फिरविला. आम्हांला अडविण्याचा तुमचा हक्क काय, तो तुम्ही दाखवा. आणि साक्षीपुराव्यांच्या छाननीत तो हक्क टिकला नाही. शतकांची प्रतिष्ठा लाभलेली एक गोष्ट साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहू शकली नाही.

भट्टी आणि जंगल

आता आपल्या परिसराकडे येऊ. दिवाळी संपली की आमच्या तालुक्यातील कातकरी वाड्या ओस पडू लागतात. माणसे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात घरी दाणा नसताना घेतलेली उचल फेडण्यासाठी हा प्रवास असतो. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो, तो मालकाच्या वहीत. मजुराजवळ वही नसते. फिटले किती आणि उरले किती, हे मालक सांगेल ते खरे, आणि उरलेले पुढील वर्षाच्या खात्यावर.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६ चा आहे. त्याचे कलम १५ आपण आज घरी गेल्यावर वाचा. दोन-तीन ओळींचेच आहे. एखादे कर्ज हे वेठबिगारीचे कर्ज आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे शाबीत करण्याची जबाबदारी धनकोवर आहे. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते की वही धनकोजवळ असते. म्हणून ज्याच्याजवळ वही आहे त्यानेच ती पुढे आणावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेने आणखी एक पाऊल टाकले. मजुराकडून सक्तीचे श्रम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर ते उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे, आणि ते तसे नसल्यास मालकाने दाखवून द्यावे.

एवढा अनुकूल कायदा असूनही प्रत्यक्षात काय घडते? मजूर अर्ज घेऊन जातो आणि कार्यालयात त्याला विचारले जाते, “उचल घेतल्याचा पुरावा काय?” विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी दुष्ट हेतू असतो असे मी म्हणणार नाही, प्रत्येक अर्जदाराला पुरावा मागण्याची ती सवय असते. अशा वेळी त्या मजुराशेजारी उभे राहून, आवाज न चढविता, ‘साहेब, कलम १५ पाहावे’ असे म्हणणारा कोणीतरी हवा असतो. मुक्तीचा दाखला मिळाला तर त्या कुटुंबाचे कर्ज कायद्यानेच संपते. मोर्चा काढणारे आपल्याकडे आहेत आणि त्यांची गरजही आहे. कलम दाखविणारे फारच थोडे आहेत.

जंगलजमिनीच्या बाबतीत तर विधिमंडळांनी व संसदेने अनुभवातून धडा घेतल्याचे स्पष्ट दिसते. आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनी कसत आले, त्यांवर सरकारी दप्तरात त्यांचे नाव नव्हते. दप्तरात नाव नाही म्हणून ते अतिक्रमक ठरले. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा मान्य करण्याची तरतूद केली. पण खरी किल्ली नियमांत आहे. नियम १३ मध्ये कोणकोणता पुरावा चालेल हे सांगितले आहे. त्यात सरकारी कागद आहेतच, पण त्याबरोबर शेताचे बांध, विहीर, घर, दफनभूमी, देवस्थान यांसारख्या जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदविलेले कथनही आहे. ज्यांचा इतिहास कागदावर नव्हता, त्यांचा बांध आणि त्यांची म्हातारी माणसे हाच पुरावा ठरला. अमुकच कागद आणा असा आग्रह समित्यांनी धरू नये, हेही २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. देशात असा हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. त्या यशामागे कोणी नामांकित वकील नव्हता. होती ती ग्रामसभा, जी वर्षानुवर्षे एकत्र बसून अभ्यास करीत होती. हे मी मुद्दाम सांगतो. समाजासाठी वकिली करावयाची म्हणजे समाजाच्या जागी आपण बोलावयाचे, असा एक समज तरुणांत आढळतो. ग्रामसभेपुढे वकिलाचे काम पुष्कळदा कारकुनाचे असते. म्हातारबाबा जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेणे, दावा नामंजूर झाल्यास कारणांची प्रत मागणे, आणि साठ दिवसांच्या आत अपील करणे. हे काम ज्याला कमी प्रतीचे वाटते, त्याने समाजसेवेचे नाव न घेता मोठ्या शहरात कंपन्यांचे करार तपासावेत. तेही प्रामाणिक काम आहे.

आपल्याच माणसांना प्रश्न

येथपर्यंत आपणा सर्वांना माझे बोलणे रुचले असावे, कारण प्रश्न दुसऱ्यांना विचारावयाचे होते. आता थोडे कठीण बोलतो. ‘तुमची रूढी शाबीत करा’ हा प्रश्न आपण महाडच्या वादींना आनंदाने विचारू. तोच प्रश्न आपल्या काकांना, आपल्या जातपंचांना, आपल्या स्वतःच्या वडिलांना विचारण्याची तयारी आहे काय?

बहिणीच्या वाट्याचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाच्या बरोबरीने सहदायाद केले. हा हक्क जन्मानेच मिळतो आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. कायदा आता पुरेसा स्पष्ट आहे. परंतु आमच्या तालुक्यात हक्कसोडपत्रांचे काम काही कमी झालेले नाही. भाऊ जीप करून बहिणीला आणतात, तिला नवी साडी असते, आणि सही कोठे करावयाची एवढेच तिला सांगितलेले असते. भाऊ आपलेच असतात, आपल्याच भावकीतले, आपल्या शिक्षणाला ज्यांनी हातभार लावला असे. माझ्याकडे असा दस्त आला की मी बहिणीला एकटीला समोर बसवितो, मिळकतीचा उतारा वाचून दाखवितो, तिचा वाटा किती येतो ते सांगतो आणि मग विचारतो. काही बहिणी विचारपूर्वक हक्क सोडतात. तो त्यांचा अधिकार आहे. काही जणी ‘मला दोन दिवस द्या’ असे म्हणतात. त्या दोन दिवसांनी माझी कित्येक कामे घालविली आहेत. भाऊ दुसऱ्या वकिलाकडे गेले आणि एका लग्नात मला जेवणाच्या पंगतीतही कोणी बोलाविले नाही.

आदिवासी विद्यार्थ्यांसाठी येथे एक खुलासा करणे जरूर आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम अनुसूचित जमातींना, केंद्र शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. तेथे रूढी पाहिली जाते. याचा अर्थ आजवर सोयीस्करपणे असा लावला गेला की आदिवासी मुलीला वाटा नाही. १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात, राम चरण विरुद्ध सुखराम या निकालात, हा अर्थ नाकारला. खालच्या न्यायालयांनी स्त्रीच्या वारसांना सांगितले होते की, मुलीला वाटा देणारी रूढी तुम्ही सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, प्रश्नच उलटा विचारला गेला. मुलीला वगळणारी रूढी असल्याचे जो म्हणतो त्याने ती सिद्ध करावी, आणि तशी ती सिद्ध झाली नसेल तर समानतेनेच वाटप झाले पाहिजे. महाडच्या तळ्याचा निकाल आणि हा निकाल यांच्यात अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकात आपण प्रतिवादी होतो. दुसऱ्यात रूढीचा आधार घेणारे आपल्याच घरातले आहेत.

जातपंचायतीच्या बाबतीतही तेच. वाळीत टाकण्यास प्रतिबंध करणारा मुंबईचा १९४९ चा कायदा १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर दीर्घकाळ ती जागा रिकामी राहिली. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक अधिनियम २०१६ चा असून तो २०१७ मध्ये अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. असा स्वतंत्र कायदा करण्यात आपले राज्य अग्रेसर ठरले, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु वाळीत टाकलेल्या कुटुंबाचे वकीलपत्र त्याच समाजातील तरुण वकिलाने घेतले, तर पुढचा बहिष्कार त्याच्यावर पडतो. मग ते कुटुंब परजातीय वकिलाकडे जाते आणि पंच म्हणतात, ‘पाहा, आपल्या घरातील गोष्ट बाहेर नेली.’ आपल्यापैकी जो कोणी आपल्या समाजातील पहिला वकील होणार आहे, त्याच्यावर हा प्रसंग आज ना उद्या येणारच. समाज म्हणजे पंच, की समाज म्हणजे दाराबाहेर उभे केलेले ते कुटुंब, हे तेव्हा ठरवावे लागते. माझे मत विचाराल तर दुसरे.

विद्यार्थिनींसाठी एक नाव सांगावयाचे आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ साली आपल्या नाशकात झाला. मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री-पदवीधर. पडद्यातील स्त्रियांच्या मिळकती त्यांचे कारभारी गिळंकृत करतात आणि त्या पुरुष वकिलासमोर येऊ शकत नाहीत, म्हणून आपण वकील व्हावे, असे त्यांनी ठरविले. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, पण स्त्री म्हणून सनद नाही. १९०४ पासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या साहाय्यक म्हणून त्यांनी तेच काम सनदेशिवाय केले. स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा १९२३ साली झाला, तोवर त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. त्यांची राजकीय मते मला मान्य नाहीत. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्यांचा विरोध होता. परंतु प्रमाणपत्र नसताना तीस वर्षे काम थांबले नाही, ही गोष्ट खरीच.

पोटाचा प्रश्न

शेवटी, जे सभेत बोलत नाहीत ते बोलतो. या व्यवसायात पहिली काही वर्षे पैसे मिळत नाहीत. पदवी घ्यावी, सनद घ्यावी, अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी, आणि मग ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात नकला आणण्याचे काम करावे. घरी वडील वाट पाहत असतात. डॉ. आंबेडकरांना १९२३ साली सनदेसाठी लागणारे पैसे मित्राकडून घ्यावे लागले आणि सॉलिसिटर त्यांना कामे देत नसत. संसार चालावा म्हणून त्यांनी व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. आपण त्यांच्याहून मोठे नाही, तेव्हा शिकवणी करण्यात, टंकलेखन करण्यात कमीपणा मानू नये. बाबासाहेबांनी १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचा खटलाही चालविला. तो विषय समाजाला रुचणारा नव्हता, आणि खटला ते हरले. हरणाऱ्या बाजूचे वकीलपत्र घेणे हाही या व्यवसायाचा भाग आहे.

फी अवश्य घ्या. थोडी घ्या, हप्त्याने घ्या, पण घ्या आणि पावती द्या. ‘समाजाचे काम फुकट करतो’ म्हणणारा वकील तिसऱ्या तारखेला गैरहजर राहतो, हे मी पाहिले आहे. फुकट कामाचा जाब विचारण्याचे पक्षकाराला धैर्य होत नाही. जो खरोखरच देऊ शकत नाही, त्याच्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम आहे, जो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती यांना त्याच्या कलम १२ अन्वये उत्पन्नाची मर्यादा न पाहता वकील मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीच्या यादीत आपले नाव नोंदवा. मानधन थोडे असते, पण कामाला हिशोब असतो. कैद्याला वकील आणि निकालाची विनामूल्य नक्कल वेळेत मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली हॉसकोट प्रकरणात सांगितले. ते प्रकरण आपल्याच राज्यातून गेलेले होते.

आपली मराठी कमी समजू नका. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयात इंग्रजी लागते, ती शिका. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातही उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ बसू लागले असल्याने दक्षिण महाराष्ट्रातील मुलांना ती वाट पूर्वीइतकी दूर राहिलेली नाही. पण कातकरी किंवा भिल्ली बोली ज्याला येते त्याच्याजवळ असे काही आहे की जे कोणत्याही विद्यापीठात मिळत नाही. साक्षीदाराने काय म्हटले आणि कागदावर काय उतरले, यांतील फरक त्यालाच कळतो.

आता एक काम सांगतो आणि थांबतो. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा आपल्या कुटुंबाचा सातबारा, आठ-अ आणि त्यावर ज्यांचे क्रमांक आहेत ते सर्व जुने फेरफार काढून आणा. घरी जमीन नसेल तर आजोबा ज्यांच्या जमिनीवर राबले त्यांचा काढा. प्रत्येक फेरफार कोणाच्या मृत्यूनंतर झाला, कोणाची नावे लागली, नोटीस कोणाला बजावली गेली, हे एका वहीत क्रमाने लिहा. आत्यांची नावे कोणत्या फेरफाराने कमी झाली, आणि त्या वेळी त्यांची सही आहे की अंगठा, तेही पाहा. पुढील महिन्यात मी पुन्हा येणार आहे, तेव्हा त्या वह्या घेऊन बसू. कोणाला काही विचारावयाचे असेल तर आता विचारावे. माझी शेवटची एस.टी. सहा वाजता आहे.